दुसऱ्याच्या पोराची राखण

"पोरगी कुनाच्या राखणीत?" इंदाआत्तींनी विचारलं.

त्या घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर तंबाखू मळत बसल्या होत्या; पोरांच्या या घाटावर शब्द चालायचा तो त्यांचाच. मी त्यांच्यासमोर उभी. एका हातात केतकीचं मनगट, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत टॉवेल, जादा फ्रॉक, उकळून गार केलेलं पाणी, कापूस, डेटॉल आणि ग्लुकोजची बिस्किटं. केतकीच्या खांद्यावर तिच्याहून उंच वेळूची काठी, काठीला दोरा, दोऱ्याला गळ. गळाच्या टोकाला मी घरून निघतानाच रबराचा तुकडा टोचून ठेवला होता, वाटेत कुणाला लागू नये म्हणून.

"माझ्याच," मी म्हटलं. "मी तिची आई आहे."

पायऱ्यांवर बसलेल्या बायका हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. नव्या सुनेनं पहिल्या दिवशी चहात मीठ घातलं की हसतात, तसं.

"ते दिसतंयच की," आत्ती म्हणाल्या. "आई हाईस म्हणूनच तू चालणार न्हाईस. दुसरी कोन बघ."

मला काहीच समजलं नाही. केतकीला मात्र समजलं असावं, कारण तिनं माझ्या हातातून मनगट हळूच सोडवून घ्यायला सुरुवात केली होती.

आम्ही त्या जूनमध्येच शिरसघाटला आलो होतो. उदयला तिथल्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. मी मूळची जालन्याकडची. आमच्याकडे नदी म्हणजे एसटी पुलावरून जाताना खाली दिसणारी वाळू. त्यात मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेली, म्हणजे पेलाभर पाण्यातसुद्धा मला काय काय दिसायचं. आणि इथं घराच्या मागच्या दारातून वारणा दिसायची, काठोकाठ भरलेली, तांबडी, सबंध पावसाळाभर. मी मागच्या दाराला वरून आणखी एक कडी बसवून घेतली. केतकीचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर.

दिवाळीनंतर पाणी उतरलं, निवळलं, आणि गावातली झाडून सगळी पोरं काठ्या घेऊन नदीला लागली. केतकी दुसरीत होती. तिच्या वर्गात मासा न धरलेली अशी ती एकटीच उरली होती. तिनं हट्ट केला नाही. हट्ट केला असता तर मला रागावता तरी आलं असतं. तिनं कुठून तरी काठी मिळवली आणि ती न्हाणीघरात बादलीपुढे बसू लागली. बादलीत गळ सोडून, पाट घेऊन, हनुवटी गुडघ्यावर टेकून. मी दोनदा त्या गळाला गुपचूप कपड्यांचा चिमटा लावून ठेवला. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा तिनं चिमटा काढला, तारेवर नेऊन लावला आणि पुन्हा येऊन बसली. उदय म्हणाला, "मेधा, हे बघवत नाही आता."

मग मी मनावर घेतलं. मनावर घेतलं म्हणजे काय, तर लहान मुलांना मासे धरायला गावात सुरक्षित जागा कुठली, याची मी पाहणी सुरू केली. उदयच्या स्कूटरवर मागे बसून सगळा नदीकाठ पालथा घातला. बंधाऱ्यावर पोरं रांगेनं बसायची, पण तिथं एका बाजूला साठलेलं पाणी आणि दुसऱ्या बाजूला उडी मारल्यासारखं पडणारं पाणी. तिथं मी स्वतःच कठडा सोडला नाही. पुलाखाली सावली छान होती, मासेही म्हणे भरपूर, पण डोहाचा तळ कुणालाच सांगता येईना. प्रत्येक जण आपापल्या आजोबांचं नाव घेऊन वेगळी खोली सांगायचा. मळीतून, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातून, खाली उतरणारी एक वाट होती, वाळूची, उथळ, मला पसंत पडण्यासारखी. तिथं म्हशी डुंबत होत्या आणि पाण्याला जो वास होता तो मी प्रयोगशाळेतून चांगला ओळखत होते. ओढ्याचं पाणी घोट्याएवढं. तिथं केतकीला बसवायला मी लगेच तयार झाले. उदयनं विचारलं की त्यात मासा उभा तरी राहील का.

शेवटी कळलं की लहान पोरांचा म्हणून एक घाटच आहे. रविवारी दुपारी बायका पोरांना घेऊन जातात. तो दिवाळीच्या सुटीतला शेवटचा रविवार होता, आणि दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याला बरगे घालणार होते. बरगे म्हणजे लोखंडी फळ्या. त्या घातल्या की पाणी अडतं आणि घाटाच्या निम्म्या पायऱ्या बुडतात. मग पोरांची मासेमारी थेट पुढच्या दिवाळीला. केतकीला हे माझ्याआधी ठाऊक होतं. तिनं मला ते फक्त एकदाच सांगितलं, सकाळी दूध पिताना, आणि पुन्हा पेल्यात तोंड घातलं.

तर अशी मी त्या घाटावर उभी होते, आणि आत्ती मला सांगत होत्या की आई चालणार नाही.

घाट जुना, काळ्या दगडाचा. मधोमध एक गोल बुरूज पाण्यात पुढे आलेला, त्यामुळे पायऱ्यांचे दोन भाग झालेले. या भागातून त्या भागातलं काही दिसत नाही. एकीकडून दुसरीकडे जायचं तर पायऱ्या चढून वर आत्तींपर्यंत यायचं आणि दुसऱ्या बाजूनं उतरायचं. बुरजाच्या पायथ्याशी पाण्याला लागून वीतभर रुंदीची एक कड होती, तिच्यावरून जवळ पडलं असतं. पण ती हिरवीगार शेवाळली होती आणि तिच्यावर पाय ठेवायचा नाही हे तिथल्या रांगत्या पोरालाही शिकवलेलं असायचं. पोरं पाण्याच्या वरच्या दुसऱ्या पायरीवर बसायची. शेवटची पायरी पाण्याखाली होती. तिच्यापुढे काय, असं मी विचारलं तेव्हा एका बाईनं हात डोक्याच्याही वर नेऊन दाखवला.

रीत अशी होती. आपल्या पोराची राखण आपण करायची नाही. आपलं पोर दुसऱ्या बाईच्या हवाली करायचं आणि तिचं पोर आपण घ्यायचं. पोर बुरजाच्या एका अंगाला, आई दुसऱ्या अंगाला. ज्या पोराला घेतलं त्याच्या मागच्या पायरीवर हात पोचेल इतक्या जवळ बसायचं आणि आत्ती उठा म्हणेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही. बस्स. कधीपासून, का, हे आत्तींना विचारलं तर त्या म्हणाल्या की त्यांच्या सासूलाही त्यांनी हेच विचारलं होतं.

"आपलं पोर म्हटलं की बाई वरडती, वढती, मधीच धपाटा घालती," त्या पुढे म्हणाल्या. "मासं पळत्यात, पोर बावचळतं. आन खरं सांगू? आपल्या पोराकडं बघताना बाईला पोर दिसतच न्हाई. भ्या दिसतंय निस्तं."

"आणि दुसऱ्याचं पोर असलं म्हणजे?"

याचं उत्तर बाजूला उभ्या असलेल्या बाईनं दिलं. "दुसऱ्याचं पोर बुडलं तर तोंड कुठं दाखवायचं, वहिनी? डोळ्याची पापनी लवत न्हाई."

ही मालन. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती, ती तिची आणि तिच्या नवऱ्याची. माझ्याच वयाची. दिवसभर गिरणीच्या आवाजात बोलून तिचा आवाज कायमचा चढलेला, आणि केसांवर, भुवयांवर पिठाची पांढरी लव. मी दळण न्यायला जायची तेव्हा ती एकीकडे पट्टा सरकवायची, दुसरीकडे सुटे पैसे द्यायची, तिसरीकडे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाशी तरी भांडायची. एका वेळी एका गोष्टीकडे बघताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्यासोबत तिचा संग्राम होता, बालवाडीतला, एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाचा अंगठा तोंडात घालण्याच्या खटपटीत.

"माझा घ्या तुम्ही," मालन म्हणाली. "तुमची द्या मला."

मी केतकीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पाण्याकडेही बघत नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले होते, परीक्षेचा निकाल ऐकताना मुलं मिटतात तसे. मी "चल घरी" म्हटलं असतं तर ती निमूट आली असती. घरी येऊन न्हाणीघरात गेली असती, पाट घेऊन.

मी मालनला सांगायला सुरुवात केली. केतकीला पोहता येत नाही. तिच्या चपला घसरतात, त्या काढूनच ठेवायच्या. गांडुळाचा हात तोंडाला लावू द्यायचा नाही. ऊन लागलं की तिचं डोकं दुखतं पण ती सांगत नाही. शिंक आली की डोळे मिटून पुढे वाकते, तेव्हा सांभाळायचं. पाणी हवं असेल तर फक्त पिशवीतलंच. मालन ऐकत राहिली. शेवटी तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली.

"वहिनी, पोरगी देताय का औषधाची बाटली?"

बायका पुन्हा हसल्या. या वेळी केतकीही हसली. मला ते बरं वाटलं नाही.

"आणि संग्रामचं काय सांभाळायचं?" मी जरा ताठपणेच विचारलं.

"त्याला फकस्त धरून ठिवा," मालन म्हणाली, केतकीच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघी बुरजापलीकडच्या पायऱ्या उतरून दिसेनाशा झाल्या.

मी संग्रामच्या मागे बसले. त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट धरलं. पाण्यावर ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा तरंगत होता. तो बुडाला की मासा लागला, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मग मान वळवून माझं तोंड नीट न्याहाळलं.

"तुम्ही केतूची आई न्हवं? केतूला बादलीत मासं धराय लावता ती?"

मी म्हटलं, "पुढे बघ."

त्यानं पुढे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं, म्हणजे डोळे त्याच्यावर होते. कान बुरजापलीकडे. मालनचा आवाज येत होता, गिरणीतला तोच आवाज. कुणाच्या तरी नणंदेची गोष्ट चालली होती. बोलतेय म्हणजे तिथं सगळं ठीक आहे, असं मी धरून चालले. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, बोलतेय म्हणजे लक्ष कुठंय हिचं? दोन्ही एकाच वेळी खरं वाटत होतं. तेवढ्यात संग्राम अंगठ्यावर उभा राहिला आणि मी सदऱ्यावरची मूठ आणखी आवळली. हे पोर स्वस्थ बसणाऱ्यातलं नव्हतं. वाकायचं, पाण्यात थुंकायचं, थुंकीभोवती जमणाऱ्या बारक्या माशांशी बोलायचं. मानेवर पिठाची एक रेघ होती, आईनं घाईनं पुसून दिल्यावर राहिलेली. उजव्या कानामागे तीळ. डावीकडे वळायच्या आधी त्याचा उजवा खांदा किंचित वर यायचा. थोड्या वेळानं मला तो वळणार हे त्याच्या आधी कळायला लागलं. आणि केव्हा तरी माझ्या ध्यानात आलं की नणंदेची गोष्ट माझ्या कानावर पडायची थांबली होती. कधी थांबली, ते मला सांगता आलं नसतं.

मालन खरंच गप्प झाली होती. पलीकडे कुणीच बोलत नव्हतं.

मग केतकीची किंकाळी आली. "आई!" आणि लगेच धप्पकन पाण्याचा आवाज.

माझ्या बाजूच्या सगळ्या बायका एकदम उठल्या. पोरं उठली. संग्रामचा उजवा खांदा वर आला. तो डावीकडे, बुरजाकडे झेपावला, त्या शेवाळलेल्या कडेकडे, पलीकडे काय झालं ते सगळ्यांत आधी बघायला. माझ्या मुठीतला सदरा ताणला गेला, गुंड्या तटातट तुटल्या आणि सदरा माझ्या हातात राहिला. पोर उघडंबंब, एक पाय कडेवर.

पायऱ्या चढून वळून उतरलं की माझी मुलगी होती. माझं सगळं अंग तिकडे निघालेलं होतं. मान तेवढी वळली नाही. डोळे त्या पोराच्या पाठीवर होते ते तिथंच राहिले, आणि हात डोळ्यांपाठोपाठ गेला. बोटांना त्याचा करदोटा लागला, कमरेचा काळा दोरा. मी तो ओढला. त्याचा पाय घसरलाच होता. गुडघा दगडावर आपटला, एक पाय पाण्यात गेला, आणि तो सगळाच्या सगळा माझ्या मांडीवर येऊन पडला. मी त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं. तो रडायला लागला. मी त्याच्या कानामागच्या तिळाकडे बघत बसले होते. पलीकडून आवाज येत नव्हता.

"वहिनी," बुरजापलीकडून मालन ओरडली. "तुमची हाय माझ्यापाशी. माझा?"

"माझ्यापाशी," मी म्हटलं. मग ते तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "माझ्यापाशी आहे."

"बरं," मालन म्हणाली.

बायका खाली बसल्या. पोरं आपापल्या जागी गेली. मी विचारलं, केतकी रडतेय का, आणि पलीकडून उत्तर आलं की रडतीया कशाला, गळ सोडंना झालीया. कुणीतरी हसलं. पण हे सगळं शब्दांत. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. भिजली असेल. लागलं असेल. मी संग्रामला पायरीवर बसवलं, सदरा त्याच्या खांद्यावर टाकला आणि उठून वर निघाले.

"तुम्ही गेलासा," मागून तो म्हणाला, अजून हुंदके देत, "तर मी कुनाच्या राखणीत?"

त्यानं ते तक्रारीच्या सुरात नव्हतं विचारलं. त्याला माहीत करून घ्यायचं होतं, कुणीतरी सांगावं म्हणून. मी वर बघितलं. आत्ती माझ्याकडेच बघत होत्या.

मी खाली उतरले आणि त्याच्या मागे बसले. या वेळी करदोटाच धरला. त्याच्या गुडघ्याला खरचटलं होतं. डेटॉल पिशवीत, पिशवी मालनकडे. मी पदराचं टोक नदीच्या पाण्यात भिजवलं, त्याच नदीच्या, आणि त्याचा गुडघा पुसला. त्यानं नाक ओढलं, दुसरं गांडूळ मागितलं. बाजूच्या बाईनं करवंटी पुढे केली. मी तिच्यातलं एक उचलून दिलं.

ऊन बुरजाच्या माथ्यावर गेलं तेव्हा आत्ती म्हणाल्या, "उठा आता." संग्रामला दोन बोटभर मासे मिळाले होते. ते त्यानं माझ्या रुमालात बांधून घेतले.

वर केतकी उभी होती. ओल्या फ्रॉकवर जादाचा कोरडा फ्रॉक घातलेला, डोकं मालनच्या पदरानं पुसलेलं, त्यामुळे केसांत, कानांत, पापण्यांवर पीठ. म्हातारीसारखी दिसत होती. कोपर सोललं होतं. मालननं तिला माझ्यापुढे केलं आणि संग्रामला उचलून कडेवर घेतलं. तुटलेल्या गुंड्या बघितल्या, सोललेला गुडघा बघितला. मी सांगायला तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ द्या वहिनी," ती म्हणाली. "समजलं मला. त्याच्या आंगावर तुमची बोटं उठल्यात बघा." मग तिनं केतकीच्या गालाचा पापा घेतला, पिठाचा पिठालाच, आणि गिरणी उघडायची म्हणून निघूनही गेली.

मी केतकीजवळ गुडघ्यांवर बसले. हात, पाय, डोकं, सगळं चाचपलं. ती थांबून राहिली, माझं आटपेपर्यंत. मग म्हणाली, "आई, तू पाहिलंस ना?"

"नाही गं."

"मी पडले ते?"

"नाही."

"मासा?"

"मासा होता?"

तिनं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मला वाटलं, आता रडणार. इतका मोठा दिवस, आणि आई नव्हती. पण तिच्या चेहऱ्यावर भलतंच काही उमटत होतं. आधी आश्चर्य, मग हळूहळू, गालावरच्या पिठाला चिरा पाडत, एक लबाड, श्रीमंत हसू.

"म्हणजे तुला काहीच माहीत नाही?"

"काहीच नाही."

"मग ऐक," केतकी म्हणाली.

घरापर्यंतच्या वाटेवर ती बोलत होती. माझा हात तिनं धरला नाही. तिला दोन्ही हात लागत होते. चिपाडाचा तुकडा कसा आधी नुसता थरथरला, मालनमावशीनं बोलणं कसं बंद केलं आणि मान हलवून थांब म्हणून सांगितलं, तुकडा कसा एकदम खाली गेला. मासा काळा होता, त्याला मिशा होत्या. त्यानं ओढलं, तिनं ओढलं, पाय सटकला. मालनमावशीनं वेणी धरली तेव्हा ती कमरेएवढ्या पाण्यात होती. पुढच्या गल्लीत ती गळ्याएवढ्या पाण्यात होती. काठी तिनं सोडली नाही. मासा पायरीवर आला, तिच्याकडे बघितलं त्यानं, अगदी डोळ्यांत बघितलं, आणि शेपटी आपटून परत गेला. तो वीतभर होता. आमच्या दाराशी येईपर्यंत तो हातभर झाला.

मी ऐकत होते. सात वर्षांच्या मुलीची आई मी, आणि तिच्या तोंडून गोष्ट ऐकायची ही माझी पहिलीच वेळ होती. तोवर तिच्याजवळ मला सांगण्यासारखं काही नसायचंच. जे व्हायचं ते माझ्यासमोर व्हायचं. पडायच्या आधी मी धरायची, शिंकायच्या आधी रुमाल पुढे करायची, आणि संध्याकाळी उदय आला की दिवसभराची हकीकत मीच सांगायची, केतकी बाजूला बसलेली असताना, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या घरची मुलगी. तिलाही ते कधी वावगं वाटलं नव्हतं. ती अबोल आहे, असं मी सगळ्यांना सांगायची.

त्या संध्याकाळी उदय कारखान्यातली रविवारची पाळी संपवून आला तेव्हा ती उंबऱ्यातच उभी होती. त्याला चपला काढू न देता तिनं सुरुवात केली. मी स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी राहिले. मासा आता तिच्या दोन्ही हातांत मावत नव्हता. ती एक हात इकडच्या भिंतीकडे आणि एक तिकडच्या भिंतीकडे न्यायचा प्रयत्न करत होती. "आणि मी पडले, आणि आईनं पाहिलंच नाही," ती त्याला म्हणाली, मोठ्या दिमाखानं.

उदयनं तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात असंच चालायचं. केतकीचं काहीही खरं काय ते तो मला विचारायचा. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि हसूही होतं.

"एवढा मोठा होता, मेधा?"

केतकी माझ्याकडे वळली. हात तसेच पसरलेले.

"मी नव्हते तिथे," मी म्हटलं. "तिला विचार."